अडीचशे घोडे आणि एक रिलीव्हर

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आपल्या अंकात पोलादाच्या प्लांटमधले लोक लिहितात. कोणी भट्टीबद्दल लिहितो, कोणी सेक्टरातल्या शाळेबद्दल. मी जन्मभर गाड्या विकल्या, त्यात काय लिहायचं? तर फोनवरचे गृहस्थ म्हणाले, ताई, अर्ध्या भिलाईला तुम्ही चाकं दिली, तेवढंच लिहा. आता विकणाऱ्या बाईला मस्का ओळखू येतोच, तरी मी भुलले. घरी मी मले-तुले करते, इथं जरा नीट लिहायचा प्रयत्न करते. मधूनच घरचं बोलणं डोकावलं तर चालवून घ्या.

माझे वडील तुमसरकडचे. प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागले आणि आम्ही सेक्टरमधल्या प्लांटच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मी सुपेल्याच्या एका मोपेडच्या दुकानात फोन उचलायला लागले, तिथून स्कूटरवर गेले, मग छोट्या गाड्यांवर. शेवटची नऊ वर्षं जी. ई. रोडवरच्या अशा दुकानात काढली, जिथं दोन-तीन वर्षं वापरलेल्या महागड्या विलायती गाड्या विकायला असत. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका छताखाली, त्यामुळं मला कोणा एका कंपनीची आरती करावी लागली नाही. कंपन्यांची नावं इथं लिहिणार नाही, त्यांच्यावाचून काही अडत नाही.

आमच्याकडं सगळ्यात जास्त खप मधल्या आकाराच्या क्रॉसओव्हरचा. म्हणजे ना धड जीप, ना धड कार. चालते कारसारखी, उंच जीपसारखी, आत कातड्याच्या सीटा आणि छताला काच. नवी घेतली तर डोळे पांढरे होतील अशी किंमत. पण या गाड्यांची गंमत अशी की पहिला मालक शोरूमच्या बाहेर काढतो तेव्हापासून त्यांचा भाव घसरायला लागतो आणि तीन वर्षांत निम्म्यावर येतो. यंत्र मात्र निम्मं झालेलं नसतं. त्या फरकावर आमचं दुकान चालायचं, आणि आमच्या गिऱ्हाइकाची हौसही.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती घोडे? इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात हे सगळ्यांना माहीत. राजनांदगावचे एक राइस मिलवाले होते, त्यांना अडीचशे घोडे पाहिजे होते आणि चारा मात्र एकाच घोड्याचा घालायचा होता. दुर्गचे एक डॉक्टर म्हणाले, माझ्या साडूकडं दोनशेची आहे, मला दोनशे एकची दाखवा. मी त्यांना खरोखरच शोधून दिली. ते खूश झाले, साडूचं काय झालं ते मला कळलं नाही.

मी सगळ्यांना एक गोष्ट समजावून सांगायची. घोडा आणि बैल वेगळे. घोडे म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती पळेल ते. त्याच तक्त्यात खाली टॉर्क म्हणून आकडा असतो, तो बैल. चिखलात रुतलेली भरली बंडी जागेवरून हलवायची तर बैल लागतो. आपल्या रस्त्यांवर दोनशेच्या वेगानं कोण पळणार आहे? आपल्याला लागतं काय, तर पुढं पोलादी पत्र्याच्या कॉइल भरलेला लांबलचक ट्रेलर चाललाय आणि त्याला वेळेत ओलांडायचंय, तेवढा जोर. म्हणून मी टेस्ट ड्राइव्ह नेहमी रसमड्याच्या रस्त्यावर न्यायची. तिथं कारखान्यांचे ट्रेलर दिवसभर असतात. ज्या गाडीनं ट्रेलर सहज ओलांडला ती घ्यावी, बाकी तक्ता घरी जाऊन वाचावा.

आमच्या धंद्याची एक रीत सांगते, कारण पुढं ती लागणार आहे. नवराबायको आले की नवऱ्याला गाडीकडं न्यायचं आणि बायकोला लाउंजमध्ये बसवायचं. तिथं एसी, कॉफी, बिस्किटं, सीटच्या कातड्याचे नमुने आणि रंगांची पुस्तकं. आम्हाला शिकवायला आलेला माणूस म्हणाला होता, घरची बाई गाडीत बसली की सौदा लांबतो. मी बाई असून ही रीत इमानानं पाळली. इतकी की नव्या पोरींनाही शिकवली. आज त्याची लाज वाटते.

तर लांजेवार साहेब. नाव बदललं आहे, माणूस खरा आहे. मूळ साकोलीकडचे, रोलिंग मिलमध्ये मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. अंगानं सडपातळ, पायात प्लांटचेच जाड बूट, शर्टाच्या खिशात दोन पेनं. सोबत पत्नी. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि वीस वर्षं मोपेडवर शाळेत गेल्या. त्यांना मी वहिनी म्हणायची. साहेबांनी आल्याआल्या फाइल उघडली आणि त्यातून पट्टीनं रेघा मारलेला एक मोठा कागद काढला. मी हसू दाबलं. प्लांटच्या माणसाला काहीही घ्यायचं असलं, पंखा का असेना, तो कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट बनवतो. टेंडरमध्ये बनवतात तसंच. आधी माल कामाचा आहे का ते बघायचं, मग भाव उघडायचा, जो सगळ्यात स्वस्तात बसेल तो एल-वन, त्याला ऑर्डर.

साहेबांच्या कागदावर आमच्याच दुकानातल्या तीन गाड्या होत्या. पांढरी, काळी, निळी. पांढरी अडीचशेच्या घरातली, काळी दोनशेला टेकलेली, निळी एकशे नव्वदची. प्रत्येकीपुढं घोडे, टॉर्क, वजन, टायर, सर्व्हिसचा खर्च. शेवटच्या रकान्यात एका लाखाला किती घोडे पडतात, तो हिशेब. इतका साफ तक्ता आमच्या दुकानातही कोणी कधी केला नव्हता. त्यात पांढरी एल-वन होती, निळी सगळ्यात खाली.

आणि साहेब नुसत्या कागदावर जाणारे नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मिलमध्ये बेअरिंग असंच ऐकतात, आतून खरखर आली की बेअरिंग जाणार हे आधीच कळतं. आमचा मेकॅनिक घाबरून पळत आला, पन्नास लाखांच्या गाडीला हे काय करून राहिले म्हणून. साहेबांनी हातानंच त्याला गप्प केलं. दोन मिनिटांनी म्हणाले, काळीच्या पट्ट्याचा आवाज आहे, पाहून घ्या. पट्टा खरंच सैल निघाला. त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागले.

पहिल्या दोन टेस्ट ड्राइव्ह शहरातच झाल्या. साहेब चालवत होते, मी बाजूला. वहिनींना मी नेहमीप्रमाणं कॉफीला बसवायला गेले तर त्या उठून मागं येऊन बसल्याच. आणि बसल्या त्या गप्प नाही बसल्या. सिग्नल लाल हाये. डावीकडं गाय हाये. स्कूटीवाली पोरगी येऊन राहिली उजवीकडून. नेहरूनगरपासून जुनवानीपर्यंत त्यांची कॉमेंट्री सुरू. मी साहेबांना इंजिनाचं सांगत होते ते ऐकूच जाईना. बायका गाडीत बसल्या की असंच असतं, मी मनात म्हटलं. साहेब मात्र चिडत नव्हते. नुसते हूं म्हणायचे आणि ब्रेक लावायचे. किती सोशिक माणूस, असं मला वाटलं.

मधल्या काळात त्यांची जुनी गाडी एक्स्चेंजसाठी बघायची होती, ती छोटी लाल हॅचबॅक. जुनी गाडी बघणं हे आमचं खरं कसब. पत्र्यावरून बोट फिरवलं की रंग मूळचा की नंतरचा हे मला कळतं. डाव्या बाजूला, दारांवर आणि मागच्या चाकाच्या वर, बारीकबारीक ओरखडे होते आणि त्यांच्यावर काहीतरी लाल लावलेलं. मी नखानं खरवडलं. नेलपॉलिश होती. पाच-सहा ठिकाणी नीट, ब्रशच्या एका फटकाऱ्यात लावलेली. मला वाटलं, जास्त भाव यावा म्हणून लपवालपवी केली आहे. एवढा मोठा अधिकारी आणि ही चालाखी? मी डाव्या बाजूचे पैसे कापले आणि साहेबांना तसं सांगितलंही. ते वाकून बघायला लागले, बराच वेळ बघत राहिले. वहिनींनी मान खाली घातली. त्यांच्या नखांना तोच लाल रंग होता, तेही मी पाहिलं. पाहिलं आणि दोन अधिक दोन करायचं सोडून मी माझ्या हुशारीवर खूश झाले.

तिसरी टेस्ट ड्राइव्ह रसमड्याची, पांढरीची. या वेळी मी पक्कं ठरवलं होतं की वहिनींना लाउंजमध्ये बसवायचंच. मी त्यांना म्हटलं, वहिनी, आज ट्रेलरची परीक्षा आहे, साहेबांना इंजिन ऐकू द्या. त्या उठल्या होत्या, मी त्यांच्या खांद्याला धरून हसत हसत परत बसवलं आणि कॉफी सांगितली. त्या म्हणाल्या, मी येते ना सोबत, मी बोलत नाही. मी म्हटलं, अहो अर्ध्या तासाचं काम. त्यांचा चेहरा कसा झाला होता तो मला आजही दिसतो, पण तेव्हा मी दार लावून निघाले होते.

दुपारी पाळी सुटायची वेळ. पुढं ट्रेलर होता, पण बराच लांब. साहेबांनी पांढरीला जरा पिटाळलं आणि ती सुसाट निघाली. साहेब खूश झाले. डावीकडून एका कारखान्याचा कच्चा रस्ता येऊन मिळत होता. त्यावरून निळ्या कपड्यातला एक कामगार सायकलवर येत होता, हॅंडलला डबा अडकवलेला. मला तो लांबूनच दिसत होता. साहेब आता वेग कमी करतील, असं मी धरून चालले. त्यांनी केला नाही. सायकल मोठ्या रस्त्यावर आली आणि साहेबांची नजर सरळ समोर, ट्रेलरवर. या गाड्यांना दोन सीटांच्या मध्ये हॅंडब्रेकचा खटका असतो, तो ओढून धरला तर धावती गाडीही थांबते. मी तो ओढून धरला. गाडी कचकन थांबली. सायकलवाला घाबरून मातीत पडला, त्याचा रिकामा डबा वाजत वाजत रस्ता ओलांडून गेला.

तो उठला, गुडघे झटकले. लागलं काही नव्हतं. छत्तीसगढीत चार शब्द बोलला, ते आमच्या हक्काचेच होते. मी उतरून त्याला डबा आणून दिला, माफी मागितली. परत आले तर साहेब दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तसेच बसले होते. त्यांनी मला विचारलं, "कुठून आला हा?"

आता कुठून आला म्हणजे काय? भर उन्हात, मोकळ्या रस्त्यावर, समोरून नाही तर बाजूनं, पण चांगला दिसेल असा येत होता. मी त्यांच्याकडं बघितलं. मी गाडी कडेला घ्यायला लावली आणि जागा बदलून घेतल्या. ते हळू आवाजात म्हणाले, "काचबिंदू हाये मॅडम. समोरचं साफ दिसते, वाचतासुद्धा येते. कडा गेल्या. दोन वर्षं झाले." मग जरा थांबून, "हिले माहीत नाही. तुमी सांगू नका."

दुकानात आलो. साहेब तोंड धुवायला गेले. वहिनी लाउंजमध्ये होत्या, कॉफीला हात लावलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "कोण होतं? गाय, का माणूस?"

मी तिथंच खुर्चीत बसले. त्यांना सगळं माहीत होतं. साहेबांच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव मेडिकलवाल्याला विचारून त्यांनी केव्हाच शोधून काढलं होतं. म्हणून त्या प्रत्येक वेळी मागं बसायच्या आणि लाल, हिरवा, गाय, स्कूटी सांगायच्या, जणू बडबड करायची सवयच आहे. साहेब दुपारी झोपले की पोर्चमध्ये जाऊन ओरखड्यांवर नेलपॉलिश लावायच्या, म्हणजे त्यांना ते दिसू नयेत आणि मन खचू नये. गाडी लाल होती म्हणून बरं झालं, म्हणाल्या. ज्या हाताच्या कामाला मी चालाखी म्हटलं होतं तो हा हात. मी त्यांना विचारलं, मग सरळ बोलत का नाही? त्या म्हणाल्या, "मिल चालवलेला माणूस हाये तो. मी सांगितलं का तुमाले दिसत नाही, तर तो घरातच बसून जाईन. ज्या दिवशी त्याइले वाटन, त्या दिवशी तेच सांगतीन. तोवर मी हाव ना मागं." आणि वर, "मले माहीत हाये हे त्याइले सांगू नका."

घ्या. एकीकडून हे, दुसरीकडून ते, आणि मधे मी.

आता जे लिहिते ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. तरीही मी पांढरी विकायला तयार होते. महिन्याचे शेवटचे दिवस होते आणि माझ्या वाट्याच्या दोन गाड्या कमी पडत होत्या. मालक माझ्या मुलाच्या वयाचा. त्याला मी नावं न घेता आडून विचारलं, डोळे अधू असलेलं गिऱ्हाईक असेल तर काय करायचं. तो म्हणाला, दीदी, लायसन चालू है ना, फिर अपना क्या. मी स्वतःची समजूत घातली की वहिनी असतीलच मागं. तीन दिवस अशी समजूत घालत होते. चौथ्या दिवशी रसमड्याकडून येताना पाळी सुटली होती, सायकलींची रांगच्या रांग लागली होती. प्रत्येकाच्या हॅंडलला डबा. माझे वडीलही तसेच यायचे. मी घरी जाऊन जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन हजर. पांढरी एल-वन, ऑर्डर पक्की. मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं, दार लावून घेतलं. मी सरळ नाही म्हटलं असतं तर ते उठून रायपूरला गेले असते आणि तिथून दुसरी आणली असती. त्यांना त्यांच्याच भाषेत गाठायचं होतं.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या मिलमध्ये पाळी संपली अन् पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही, तर ऑपरेटर काय करत होता?"

"जागा सोडत नव्हता. रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडायची नाही, नियमच हाये."

"मग या गाडीवर तुमचा रिलीव्हर कोण?"

त्यांनी कागदाची घडी केली. परत उघडली. परत घडी केली. मग म्हणाले की हिला क्लच जमत नाही, दोनदा शिकवलं, दोनदा रडली. मी म्हटलं, साहेब, या तिन्ही गाड्यांत क्लचच नाही. दोन पेडल, एक थांबायचं आणि एक निघायचं. बावन्न गोष्टींचा तक्ता करणाऱ्या माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं, आणि रोज त्या गाड्या विकणाऱ्या माझ्याही आलं नव्हतं. आम्ही दोघं घोडे मोजत बसलो होतो.

मी अट घातली. रिलीव्हरचं पक्कं लायसन माझ्या टेबलावर आल्याशिवाय कोणत्याच गाडीची किल्ली देणार नाही. ते माझ्याकडं रोखून बघत राहिले. मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. ते म्हणाले, "तुमी आमच्या मिलमध्ये पाहिजे होत्या." आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन आले.

वहिनींकडं मोपेडचं लायसन होतंच, गाडीचं शिकाऊ काढलं. मग सव्वा महिना रोज सकाळी मी त्यांना जुनवानीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायची. पहिले तीन दिवस डावा पाय क्लच शोधत होता, मी तो सीटखाली घ्यायला लावला. नंतर काही शिकवावं लागलं नाही. वीस वर्षं मोपेडवर शाळा गाठणाऱ्या बाईला रस्ता काय शिकवायचा? गाय कधी वळेल हे त्यांना गाईच्या आधी कळायचं. साहेब मागं बसायचे, स्क्रू-ड्रायव्हर खिशात. महिन्याचं माझं टार्गेट गेलंच, मालक आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पुढं बोलला.

मग तिन्ही गाड्यांची तुलना नव्यानं झाली. आयुष्यात मी केलेली सगळ्यात खरी तुलना ती. पांढरीवर वहिनींनी पाय ठेवला की आधी क्षणभर काहीच नाही आणि मग सगळे घोडे एकदम उधळायचे. एकदा तर आम्ही तिघंही सीटला चिकटलो. ज्याला चालवायची हौस आहे त्याला ती मजा, वहिनींना नको होती. काळी चांगली, पण तिचं नाक लांब आणि मागचं दिसायला अडचण. निळीत घोडे सगळ्यात कमी, पण जेवढं मागाल तेवढंच देणार, एक दाणा जास्त नाही. सीट बरोबर कमरेच्या उंचीला, चढावं लागत नाही की आत पडावं लागत नाही. आरशात बाजूनं कोणी आलं तर पिवळा दिवा लागतो. वहिनींनी तिन्ही ट्रेलरमागं नेल्या. निळीला ओलांडायला एक-दोन श्वास जास्त लागले. साहेब मागून म्हणाले, पाहा, पिकअप कमी. वहिनी म्हणाल्या, थो ट्रेलर काय पळून जाऊन राहिला का? मागून गेलं तरी भिलाईच येते.

साहेब तीन दिवस अडून बसले. एल-थ्रीला ऑर्डर देत नसतात, असं त्यांचं म्हणणं. तत्त्व म्हणून ते बरोबर होतं. मी वाद घातला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी फोन करून नुसतं विचारलं, निळीच्या इंजिनाला मी अजून कान लावला नाही, केव्हा येऊ. मी समजले.

डिलिव्हरीचा दिवस. नारळ, कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, गाडीवर लाल रेशमी कपडा, मालक कोट घालून. एका ताटात किल्ली ठेवून ते मी समोर धरायचं, गिऱ्हाइकानं किल्ली उचलायची, फोटो काढायचा. लायसनचं कार्ड मी सकाळीच बघितलं होतं, वहिनींचं. घरी त्यांचं ठरलेलं होतं की शहरात वहिनी चालवतील, बाहेरगावी आलटून पालटून. काचबिंदूचा शब्द अजून कोणी काढला नव्हता. आणि माझे हात बघा, तीस वर्षांच्या सवयीनं ताट घेऊन साहेबांपुढंच गेले. गेल्यावर कळलं, पण तोवर त्यांनी किल्ली उचलली होती.

ते किल्ली हातात घेऊन उभे राहिले. मालक म्हणाला, सर, इधर देखिए. साहेबांनी तिकडं बघितलं नाही. वहिनींचा हात धरला, त्यात किल्ली ठेवली आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, मिलमध्ये बोलायचे तसं म्हणाले, "घे. गाडी तुलेच चालवायची हाये, सगळीकडं. मले बाजूचं दिसत नाही."

मालकाचा मोबाइल खाली आला. मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, चुकूनसुद्धा नाही. त्या साहेबांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाले."

"दोन वर्षं? अन् मले सांगितलं नाही?"

"सांगणार होतो."

"मी काय परकी होती का," त्या म्हणाल्या आणि तिथंच रडायला लागल्या. ते रडणं खोटं नव्हतं. साहेब त्यांच्या पाठीवर हात ठेवून, होईन सगळं बरोबर, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. धीर देणारे ते, घेणाऱ्या त्या. मी ताट घेऊन उभी होते आणि मला नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

याला बरीच वर्षं झाली. मीही आता घरी बसले. हा लेख छापायला द्यायच्या आधी वहिनींना विचारणं भाग होतं, म्हणून फोन केला. सगळं लिहिलंय, म्हटलं, नेलपॉलिशचं, मेडिकलवाल्याचं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं तेही. साहेबांच्या हाती अंक पडला तर? त्या म्हणाल्या की त्यांचं समोरचंही गेलं आता, पेपरपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं त्याच वाचून दाखवतात.

"छापा बिनधास्त," त्या म्हणाल्या. "तेवढं मी गाळून वाचन."